स्टेजवर उभं राहिलं की आवाज बसतो. भीती आधी घालवायची कशी?

लेथवाला

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या सेक्शनला सुपरवायझर आहे. पुढच्या महिन्यात आमच्या टीमचं काम एका कायझेन (कामात केलेल्या छोट्या सुधारणांच्या) स्पर्धेत मांडायचंय आणि बोलायची जबाबदारी माझ्यावर आलीय. समोर परीक्षक, मागे दुसऱ्या कंपन्यांच्या टीम, मोठा हॉल. मराठीत बोललं तरी चालतं, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

शॉपवर मी दिवसभर बोलतो. शिफ्ट बदलताना सगळ्यांना काम वाटून देतो, नव्या पोरांना मशीन समजावतो, साहेबांचं पटलं नाही तर तोंडावर सांगतो. तिथे जीभ कधी अडखळली नाही. पण तीच माणसं खुर्च्यांवर ओळीने बसली आणि माझ्या हातात माइक आला की तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, आवाज घशातच राहतो. परवा कॅन्टीनमध्ये सराव घेतला. हातात लेझर पॉइंटर होता. पडद्यावरचा लाल ठिपका इतका थरथरत होता की मंडळी स्लाइड सोडून ठिपक्याकडेच बघायला लागली. पुढचं सगळं मी मान खाली घालून वाचून काढलं.

काम चांगलं झालंय हो. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, फिक्स्चरमध्ये (तो पकडून ठेवणाऱ्या साच्यात) उलटा बसायचा आणि भोक चुकीच्या बाजूला पडायचं. आमच्याच एका ऑपरेटरने सुचवलं की एक पिन टाकू, म्हणजे उलटा जॉब बसणारच नाही. पिन टाकल्यापासून त्या कारणाने एकही जॉब बाद झालेला नाही. त्या पोराचं डोकं होतं ते. माझ्या घाबरण्यापायी त्याचं काम मागे पडू नये, एवढंच वाटतं.

एक सहकारी म्हणतो बीपीची एक गोळी मिळते, ती घेतली की हात थरथरत नाहीत. घ्यावी का? आणि दुसरं, ही भीती पूर्ण जाण्यासाठी महिनाभरात काय करता येईल?

पंचवटीकर

धागा महत्त्वाचा आहे. गांधीजींचं उदाहरण देतो, कारण ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. इंग्लंडमध्ये शिकत असताना व्हेंटनर नावाच्या गावी शाकाहारी मंडळींपुढे बोलायचं होतं. भाषण लिहून नेलं होतं, जेमतेम एक फुलस्केप कागदभर. उभे राहिले तर डोळ्यांपुढे धूसर झालं, अंग थरथरायला लागलं, आणि ते भाषण शेवटी सोबतच्या मजमुदारांनी वाचून दाखवलं. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला. उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. दुसरा वकील करा म्हणाले आणि खाली बसले.

दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर हा बुजरेपणा गेला, पण पूर्णपणे कधीच गेला नाही, असंही तेच सांगतात. मला यातलं शेवटचं वाक्य मोलाचं वाटतं. पूर्ण जाण्याची वाट बघत बसले असते तर?

शाळाबाई

मी शिक्षिका आहे, मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करते. माझा सरळ सल्ला, भाषण पाठ करा. शब्दन्‌शब्द. पाठ असलं की भीती वाटायला जागाच राहत नाही. रोज सकाळी मोठ्याने म्हणा, आरशासमोर म्हणा. महिना भरपूर झाला.

नाट्यवेडा

शाळाबाई, आदर ठेवून असहमत. हौशी नाटकात बरीच वर्षं आहे, राज्य नाट्य स्पर्धेसाठी साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत पुष्कळदा उभा राहिलोय. नाटकाचं पाठांतर वेगळं असतं. तिथे समोरचा नट क्यू देतो, हालचाल ठरलेली असते, विसरलं तर सहकलाकार सावरून घेतो. एकट्याने बोलताना शब्दन्‌शब्द पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की त्याच्यामागची सगळी साखळी सुटते. माणूस हॉलमध्ये उभा असतो आणि मनात कागदाची ओळ शोधत असतो. ते शोधणं समोरच्यांना लगेच कळतं.

लेथवाला यांनी तर मुळीच पाठ करू नये, कारण त्यांना विषय येतो! ते शॉपवर हेच रोज समजावतात.

शाळाबाई

मुद्दा मान्य, पण अर्धाच. स्पर्धेत सुरुवातच अडखळली तर मूल तिथेच खचतं, हे मी दर वर्षी बघते. सुरुवात तरी पाठ हवीच. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ हे आम्ही म्हणवून घेतो ते काही नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. तेवढ्या वेळात मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येतो.

कीर्तनछंद

शाळाबाईंचं हे शेवटचं फार खरं आहे. नारदीय कीर्तनाचीच रचना बघा. बुवा उभे राहिल्यावर लगेच स्वतःचा विषय मांडत नाहीत. आधी नमन. पेटीचा सूर मिळतो, तबला लागतो, गळा मोकळा होतो, समोरची मंडळी बसती होतात. मग पूर्वरंगात अभंग आणि निरूपण, आख्यान उत्तररंगात. म्हणजे जे सगळ्यात अवघड, ते आवाज आणि श्रोते दोन्ही हाताशी आल्यावर. नमन वर्षानुवर्षं तेच असतं, त्यासाठी डोकं चालवावं लागत नाही. आजही मोठमोठे बुवा ते गाळत नाहीत.

आधुनिक भाषणात नमन नसतं, म्हणून आपलं आपण तयार करायचं. दोन-तीन वाक्यं, झोपेतून उठवलं तरी येतील अशी. त्यापुढचं मुद्द्यांवर सोडून द्यायचं.

नाट्यवेडा

यावर मात्र पूर्ण सहमत. पहिली तीन वाक्यं आणि अगदी शेवटचं एक, एवढंच पाठ. शेवटचं यासाठी की थांबायचं कुठे हे माहीत नसलं की माणूस लांबण लावतो आणि ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द’ वर येतो.

मनोवैद्य

मी नाशिकमध्ये मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. गोळीचा प्रश्न आधी घेतो. तुमचा सहकारी बहुधा प्रोप्रॅनोलॉलबद्दल बोलतोय. बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे. धडधड आणि थरथर त्याने कमी होते हे खरं, आणि काही रुग्णांना आम्ही ते देतोही. पण दमा असेल तर ते धोकादायक ठरू शकतं, नाडी मुळात मंद असेल किंवा बीपी कमी असेल तरी अडचण होते, मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांमध्ये साखर उतरल्याची लक्षणं झाकली जातात. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊन स्टेजवर जाऊ नका. घ्यायचीच असेल तर तपासून, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा तर कधीच नाही.

आता शरीरात काय होतं ते. पुष्कळ डोळे आपल्याकडे रोखलेले दिसले की मेंदू ते धोक्याचं लक्षण धरतो आणि ॲड्रिनलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, श्वास वरवरचा होतो, लाळ कमी होते म्हणून तोंड कोरडं, स्नायू ताणले जातात म्हणून बोटं थरथरतात. तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड झालेला नाही, पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे. आम्हाला ही प्रतिक्रिया इतकी खात्रीची वाटते की संशोधनात माणसाला ताण द्यायचा असेल तर त्याला अनोळखी, चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला लावतात आणि मग तोंडी वजाबाक्या करायला सांगतात. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात ही चाचणी तयार झाली आणि तिच्यात बहुतेकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं दिसतं. तेव्हा हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही.

महत्त्वाचं म्हणजे ही लाट बोलायला उठण्याच्या जरा आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात उंच असते. बोलत राहिलात तर बहुतेकांची ती आपोआप उतरते. पण त्याच क्षणी मान खाली घालून वाचायला लागलात किंवा माइक दुसऱ्याला दिलात, तर ती उतरलेली तुम्हाला कधी अनुभवायलाच मिळत नाही. मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की भीती घालवून मग बोलायचं हा क्रम लागत नाही. बोलायचं आधी, भीती त्यानंतर कमी होते, आणि तीही थोडी थोडी.

आणखी एक. आपल्याला वाटतं की आतली धडधड समोरच्याला स्पष्ट दिसतेय. तसं नसतं. सॅविट्स्की आणि गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करणाऱ्या काही जणांना आधी समजावून सांगितलं की तुमची अस्वस्थता तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. ज्यांना हे सांगितलं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. त्यांना स्वतःलाही तसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही.

सिडकोची_सई

पण लेझरचा ठिपका तर दिसलाच ना डॉक्टर?

मनोवैद्य

हो, कारण पॉइंटर बोटाची बारीक हालचाल पडद्यावर कितीतरी पटीने मोठी करून दाखवतो. म्हणून तो वापरूच नये. पातळ कागदाचंही तेच, फडफडतो. पोस्टकार्डाएवढे जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, त्यावर मोठ्या अक्षरात फक्त मुद्दे.

नाट्यवेडा

पॉइंटरऐवजी मी सांगतो काय न्यायचं. तो जॉब न्या! एक बरोबर भोक पडलेला आणि एक चुकीचा. स्टेजवर हातांना काम नसलं की ते थरथरतात, खिशात जातात, माइकच्या वायरीशी खेळतात. हातात लोखंड असलं की हात आपल्या ओळखीच्या जागी येतो. तुमचा हात तर रोज तेच धरतो.

सुरुवातही तिथूनच करा. ‘हा जॉब बघा. भोक या बाजूला हवं होतं, पडलं त्या बाजूला. मशीन बरोबर होतं, प्रोग्राम बरोबर होता, ऑपरेटरही अनुभवी होता. मग हे झालं कसं?’ एवढं पाठ करा. इतकं म्हटलंत की सगळा हॉल तुमच्या तोंडाकडे बघणं सोडून त्या जॉबकडे बघायला लागेल. तेवढा वेळ तुम्हाला पुरेल. कंपनीची स्थापना, उत्पादनं, टीम मेंबरांची नावं वगैरे स्लाइड नंतर येऊ द्या, पहिलं मिनिट त्यात घालवू नका.

लेथवाला

हे वाचूनच अंगावर काटा आला. असंच मी नव्या पोरांना समजावतो, हातात जॉब देऊन. डॉक्टर, गोळीचं डोक्यातून काढलं. मला लहानपणी दमा होता, त्यामुळे तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत.

निफाडची_लेक

उशिरा लिहितेय, पण माझा अनुभव उपयोगी पडेल. आमच्या गावात बचत गट सुरू झाला तेव्हा मी हिशेब लिहायची, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. पुढे पाण्याच्या टाकीचा प्रश्न ग्रामसभेत मांडायची वेळ आली. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, त्या सभेने मला फार हात दिला. तिथे सगळ्या ओळखीच्या. पहिल्यांदा मी उभी राहून फक्त एक प्रश्न विचारला, ‘टाकीचं काम कुठवर आलं?’ आणि बसले. पुढच्या सभेत प्रश्न विचारून त्यावर दोन वाक्यं बोलले. मग मोठ्या ग्रामसभेत, पुरुष मंडळी समोर असताना, तोच प्रश्न. तोवर तो प्रश्न माझ्या तोंडात इतका बसला होता की पाय कापत असतानाही बाहेर आला. सरपंचांनी उलट विचारलं, त्याचंही उत्तर दिलं, कारण महिलांच्या सभेत कोणीतरी तेच विचारलं होतं.

पाय अजून कापतात. आता मला माहीत असतं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला थांबतील.

लेथवाला दादा, तुम्ही एकदम कॅन्टीनमध्ये सगळ्यांपुढे सराव केलात ती उडी मोठी झाली. आधी त्या पिन सुचवणाऱ्या पोरासमोर बोला, एकट्यासमोर. मग शिफ्टच्या दोघा-तिघांना खुर्चीवर बसवून. खुर्ची महत्त्वाची, कारण उभ्या माणसांशी तुम्ही रोज बोलताच, बसलेली दिसली की तुम्हाला होतं. मग दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसं बोलवा. कॅन्टीन त्यानंतर.

मनोवैद्य

निफाडच्या ताईंनी जे केलं तेच आम्ही उपचारात करून घेतो, टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं. त्यांनी ते कुणी न सांगता केलं याचं मला फार कौतुक वाटतं. एक पथ्य पाळा. प्रत्येक पायरीवर अस्वस्थता थोडी उतरेपर्यंत थांबा, ती शिगेला असताना सोडून देऊ नका. आणि सराव मनातल्या मनात नको, मोठ्याने आणि उभं राहून. झाजोन्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच मांडलं होतं की इतरांच्या उपस्थितीत चांगलं घोटलेलं काम आणखी चांगलं होतं आणि कच्चं काम आणखी बिघडतं. शॉपवर तुम्ही अडखळत नाही, कारण ते बोलणं तुमच्या हाडीमांसी मुरलंय. हेही त्याच पातळीवर न्यायचंय.

जे वाचक आहेत पण लिहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. काहींना फक्त स्टेजवरच नाही, चार माणसांत जेवताना, फोनवर बोलताना, दुकानात भाव विचारतानाही अशीच भीती वाटते आणि त्यापायी ते कॉलेज, नोकरी, लग्नकार्य टाळतात. असं महिनोन्‌महिने चालू असेल तर तो सोशल ॲन्झायटीचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. दवाखान्यात जायला संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोदातीरी

शहरात ऐकण्यासारखं इतकं आहे, त्याचाही उपयोग करा. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. मी लहानपणापासून जातो. विषयाकडे सगळेच लक्ष देतात, तुम्ही वक्त्याच्या पहिल्या दोन मिनिटांकडे लक्ष द्या. कुणी माइक उगाच खालीवर करतं, कुणी पाण्याचा घोट घेतं, कुणी अध्यक्षांची नावं कागदावर बघून घेतं, कुणी तर नुसतं शांत उभं राहून समोर बघतं. चांगल्यातल्या चांगल्या वक्त्यालाही सूर लागायला वेळ लागतो हे तिथे डोळ्यांनी दिसतं. मोठ्या हॉलची सवय हवी असेल तर कालिदास कलामंदिरात कुठल्याही कार्यक्रमाला लवकर जाऊन बसा आणि रिकाम्या स्टेजकडे बघत राहा.

आणि २७ फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, शहरभर मराठी भाषा गौरव दिनाचे छोटे-मोठे कार्यक्रम होतात. कविता वाचायला माणसं हवीच असतात. हातात कागद धरून दुसऱ्याची कविता वाचणं ही बोलायच्या सवयीची फार चांगली पहिली पायरी आहे. त्यात आपलं मत पणाला लागत नाही, आवाज मात्र लागतो.

नाट्यवेडा

त्या दिवसाचं थोडं. हॉलवर लवकर पोहोचा. रिकाम्या हॉलमध्ये स्टेजवर उभे राहा, टीममधल्या एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि ती तीन वाक्यं म्हणून बघा. त्याला ऐकू आलं का, एवढंच विचारा. माइक हनुवटीच्या जरा खाली धरा, तोंडाला चिकटवू नका. नाव पुकारण्याआधी श्वास हळूहळू सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, असं पाच-सहा वेळा. पाणी साधं, थंडगार नको. चहा मर्यादेत, पोटात अन्न असू द्या. पायऱ्या चढून गेल्यावर लगेच बोलू नका. दोन्ही पायांवर वजन द्या, एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघा आणि मगच पहिलं वाक्य. तुम्हाला ती शांतता खूप मोठी वाटेल, समोरच्यांना वाटत नाही.

लेथवाला

ताईंनी सांगितलं तसं सुरू केलंय. आज त्या पोरासमोर बोललो, मशीन बंद झाल्यावर. हातात दोन्ही जॉब होते. आवाज सुरुवातीला बसलेला होता, मग सुटला. मध्ये तो पोरगाच म्हणाला, ‘साहेब, पिनेचा व्यास का बदलला ते राहिलं.’ ते पाठ केलं असतं तर तिथे गडबडलो असतो, पण सरळ सांगून पुढे गेलो.

आता राहिली प्रश्नोत्तरं. भाषण माझ्या हातात आहे, परीक्षक काय विचारतील ते नाही. त्याची भीती जास्त वाटते.

अंबडचा_परीक्षक

अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलोय, म्हणून लिहितो. आम्ही तुम्हाला पाडायला बसलेलो नसतो. दिवसभरात एकामागून एक सादरीकरणं ऐकून थकलेलो असतो आणि कुणी आपल्या कामाबद्दल मनापासून बोललं की आम्हाला बरं वाटतं. थरथरणाऱ्या आवाजाला कुणी गुण कापत नाही. कापतो ते काम दुसऱ्याने केलं आणि बोलणाऱ्याला माहीतच नाही, तिथे.

प्रश्न ठरावीक असतात. मूळ कारण हेच आहे हे कशावरून ठरवलं? इतर उपाय कोणते बघितले आणि का सोडले? पिन झिजली तर कसं कळणार, ती कोण आणि कधी तपासतं? अशाच दुसऱ्या मशीनवर हा बदल केला का? सेटिंगचा वेळ वाढला का? खर्च किती आला? यांची उत्तरं टीमसोबत बसून बोलून ठेवा. प्रश्न पूर्ण ऐका, मध्ये तोडू नका, आणि उत्तराआधी तोच प्रश्न आपल्या शब्दांत एकदा म्हणा. बाकीच्या हॉललाही कळतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. आकडा आठवत नसेल तर ठोकून देऊ नका. ‘हे आमचा ऑपरेटर जास्त चांगलं सांगेल’ म्हणून त्या मुलाकडे माइक द्या. कल्पना त्याची आहे म्हणालात ना, मग त्याला स्टेजवर जवळ उभं करा आणि पिनेचं प्रात्यक्षिक त्यालाच करू द्या.

निफाडची_लेक

हे फार आवडलं. त्या पोरालाही बोलायची सवय लागेल.

नाट्यवेडा

कॅन्टीनच्या आधी एखादा अनोळखी माणूस समोर बसायला हवा असेल तर सांगा. मी पाथर्डी फाट्याला राहतो, अंबड जवळच आहे. रविवारी सकाळी वेळ आहे. दोघंही या, आणि दोन्ही जॉब घेऊन या.

लेथवाला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवारी दहाला येतो, त्याला विचारलंय, तोही येतोय.